पहाटेची सायकल सहल: सोमेश्वर ते गिरणारे, दहा जणांना घेऊन

डिसेंबरच्या शेवटी नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, मेच्या शेवटी सहाच्या आतच. शहराच्या पश्चिमेकडच्या सोमेश्वरहून गंगापूर, गोवर्धन, दुगाव करत गिरणारेपर्यंत जायचं आणि परत यायचं, तर बाकीची सगळी घड्याळं या एका वेळेला बांधायची. फार लवकर निघालात तर खड्डा दिसत नाही, वस्तीवरची कुत्री जोरात असतात आणि नदीकाठच्या उसात बिबट्या असेल ही गोष्ट इथे कुणी हसण्यावारी नेत नाही. उशिरा निघालात तर परतताना ऊन डोळ्यांवर, भाजीच्या गाड्या अंगावर आणि गटातले निम्मे लोक रिकाम्या पोटी चिडलेले.

चाकं सूर्योदयाआधी २० ते २५ मिनिटं हलायला हवीत. तेव्हा रस्ता दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. लोकांना मात्र त्याच्याही ४० मिनिटं आधी बोलवा. जानेवारीत सहाला जमून पावणेसातला निघायचं, मेमध्ये पाचला दहा कमी असताना जमून साडेपाचच्या सुमारास. शेवटचा माणूस दहा मिनिटं उशिरा येणारच, ते या चाळीसात धरलेलं आहे.

रस्ता हाच का

सोमेश्वर ते गिरणारे एका बाजूने साधारण १२ किलोमीटर. येऊन-जाऊन, मधलं थोडं इकडेतिकडे धरून २५. पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या, पण रोज चालणाऱ्या माणसाला हे झेपतं. जाताना रस्ता पश्चिमेला हळूहळू चढत जातो. चढ इतका सौम्य की डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. नवखे लोक इथेच "माझा ब्रेक घासतोय का बघा हो" म्हणायला लागतात. चाक उचलून फिरवून दाखवा, नाही घासत. हा चढ आहे आणि परतताना तो उतार म्हणून परत मिळणार आहे, एवढं सांगितलं की माणूस निम्मा हलका होतो. दमलेल्या पायांना उतार मिळावा म्हणूनच शहरातून पश्चिमेला निघायचं.

याच दिशेची एक अडचण ध्यानात ठेवा. जाताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणजे समोरून नाशिककडे येणाऱ्या ड्रायव्हरच्या तो थेट डोळ्यांत. परतताना तुमच्या आणि तुमच्या मागून येणाऱ्या गाडीच्याही समोर सूर्य. त्या उजेडात पुढचा सायकलवाला काळी आकृतीसुद्धा वाटत नाही, नुसता विरून जातो. म्हणून मागचा लाल दिवा अंधार संपला म्हणून बंद करायचा नाही, परत सोमेश्वरला येईपर्यंत तो चालू राहिला पाहिजे. पुष्कळ गट इथे चुकतात, कारण लख्ख उजेडात दिवा लावणं वेडेपणा वाटतो.

त्र्यंबक रोडचा मोह होतो, अंजनेरीचा डोंगर समोर दिसत असतो. पण तिथे देवदर्शनाच्या गाड्या पहाटेपासून धावतात, श्रावणी सोमवारी तर विचारूच नका, आणि २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्त्याची कामं कुठे निघतील सांगता येत नाही. पेठ रोडला गुजरातकडचे ट्रक. त्या बाजूचा रामशेज किल्ला पाहायचा असेल तर गाडीने आशेवाडीपर्यंत जा. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी ही वेगळी सहल आहे. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर लांब, तेव्हा सायकली टेम्पोत टाकून निफाडकडे न्यायच्या आणि पाण्याच्या काठाकाठाने फिरवायच्या.

वेळेचा हिशोब असा: मिश्र गटाचा खरा सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर. पंचवीस किलोमीटरला पावणेदोन तास पायडल मारणं, गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ १० मिनिटं, शेतावर ४०, एक पंक्चर १५, बाकी किरकोळ. तीन तास. कुणी ताशी २० धरून आखणी केली असेल तर त्याने एकट्याच्या वेगाने आखली आहे. नाशिकचं नाव घेतलं की लोकांना डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन आठवतात, २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी करणारे भाऊ. मग एखाद-दोन तरुण पहिल्या किलोमीटरलाच जोर लावतात. त्यांना मागच्या माणसाचा मदतनीस करून टाका, शांत होतात.

आदल्या संध्याकाळी

सहल बिघडते ती बहुतेक आदल्या संध्याकाळच्या आळसामुळे. रस्ता दुचाकीवरून एकदा पाहून या. नवीन खोदकाम, गतिरोधकावरचा उडालेला रंग, पुलाजवळ सांडलेली वाळू आणि बांधावरची बाभूळ कुठे छाटली आहे हे पाहायचं. बाभूळ छाटली की फांद्या ओढत रस्त्यापलीकडे नेतात आणि काटे डांबरावर राहतात. टोमॅटोचे मांडव उतरवायच्या दिवसांत बारीक तारेचे तुकडेही पडलेले असतात. असा पट्टा असेल तर त्या पन्नास मीटरला सगळ्यांना उतरून सायकली हातात धरून न्यायला लावा. लोक कुरकुरतात, पण चार पंक्चर काढण्यापेक्षा हे परवडतं.

हवा आदल्या रात्री भरा आणि सकाळी अंगठ्याने पुन्हा दाबून पाहा. रात्रीत बसलेलं चाक म्हणजे बारीक काटा आधीच आत आहे. जाड गोट्यांच्या टायरला ३५ ते ४५ पीएसआय, हायब्रिडच्या ३५ ते ३८ मिलिमीटर टायरला ५० ते ६५, बारीक रोड टायरला ८५ ते १००. माणूस ८० किलोच्या वर असेल तर त्या पट्ट्यातला वरचा आकडा, ५५च्या खाली असेल तर खालचा. दगडासारखं टणक टायर वेगवान वाटतं, पण शेतरस्त्यावर हात झिणझिणवतं आणि खडीवर घसरतं. फार कमी हवा असली तर गतिरोधकाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकमेकांशेजारी दोन छिद्रं पडतात. अशी जोडछिद्रं दिसली की काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती.

ब्रेकचं रबर तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदला. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढा. ओघळणारं तेल या भागातली बारीक धूळ धरतं आणि दुपारपर्यंत चेन करकरायला लागते. भाड्याच्या सायकलींत सीटपोस्टचा क्लॅम्प ढिला असणं हा ठरलेला दोष. सीट दोन्ही हातांनी धरून जोरात पिळून पाहा. फिरली, तर वाटेत ती माणसासकट खाली बसेल.

दहा सायकलींमागे सोबत घ्यायचं सामान: चाकांच्या मापाच्या चार ट्यूब, पॅचचा डबा आणि सोल्युशन, तीन टायर लिव्हर, जाड आणि बारीक अशा दोन्ही जातींच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप, एलन की आणि चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनला बसणाऱ्या दोन जोडकड्या, ब्रेक आणि गिअरची एकेक केबल, केबल-टाय, चिकटपट्टी, जुनं फडकं. चेनच्या कड्या सात-आठ गिअरच्या वेगळ्या आणि नऊच्या वेगळ्या, हे विसरून चुकीची कडी आणली जाते. प्रथमोपचारात सलाईन पाण्याच्या बाटल्या, गॉज, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक आणि जीवनरक्षक क्षारांची पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही.

मागे छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर उत्तम, पण तो गटाच्या शेपटीला चिकटून चालवायचा नाही. इंजिनाच्या आवाजाने मागचे लोक घाबरून दमेपर्यंत पायडल मारतात. गाडी ठरलेल्या थांब्यांवर पुढे जाऊन उभी राहू द्या.

जमल्यावरची चाळीस मिनिटं

उंची आधी. माणूस सीटवर बसवा, पायडल अगदी खाली, त्यावर टाच ठेवली की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. नवखे लोक सीट खाली मागतात, कारण दोन्ही पाय जमिनीला लागले की धीर वाटतो. पहिल्या दोन किलोमीटरना तसं दिलंत तरी हरकत नाही, पण धरणाजवळच्या थांब्याला सीट दोन इंच वर करा. नाहीतर परतताना गुडघ्याची पुढची बाजू दुखणार. बाईंनी साडी नेसली असेल किंवा ओढणी असेल तर ती बांधून घ्यायची, उजव्या पायाची सैल पँट मोज्यात खोचायची.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर यावं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळाव्यात, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच जागा. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. थंडीत माकडटोपीवर हेल्मेट घालणारे भेटतात. जाड टोपी काढून पातळ रुमाल बांधायला द्या.

ब्रेकचं सगळ्यात महत्त्वाचं. कुठला लिव्हर पुढचा ब्रेक ओढतो हे प्रत्येकाने स्वतः चाक उचलून बघायचं, कारण सायकलीप्रमाणे हे उलटसुलट असतं. थांबताना दोन्ही ब्रेक एकदम, हळू दाबत वाढवायचे. एकटा पुढचा कचकन दाबला तर माणूस हँडलवरून जातो, एकटा मागचा दाबला तर चाक अडकून वाळूवर घसरतं. मोकळ्या जागेत प्रत्येकाकडून तीन वेळा थांबवून घ्या. गिअरचं एकच वाक्य शिकवा: चढ लागायच्या आधी बदला, आणि बदलताना पायडल हलकं ठेवा. चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते, कधी मागचा हँगर, म्हणजे गिअर धरणारी पट्टीच वाकते, मग ती सायकल छोट्या हत्तीतच.

फोन नंबर, रक्तगट, दमा, मधुमेह, हृदयाचं काही, हे एका कागदावर. मधुमेही माणसाने सकाळी काही खाल्लं का, ते वेगळं विचारा.

रस्त्यावर

एक पुढे, एक मागे. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. दोन जाणकारांमागे बारा जण पुरे, त्यावर तिसरा हवा. वेग पुढच्याने ठरवायचा नाही. मागून फोन किंवा शिट्टी आली की पुढच्याने कमी करायचा. वळणावर पुढच्याने दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला तिथेच उभं करायचं, शेवटचा येईपर्यंत. मग तो शेवटच्याच्या पुढे गटात मिसळतो. गोवर्धनजवळून सावरगाव, गंगावऱ्ह्याकडे वळताना हे केलं नाही की गटाचे दोन तुकडे होतात आणि अर्धा तास फोनवर जातो.

एकामागे एक चालायचं, मध्ये दोन सायकलींचं अंतर. डांबराच्या अगदी काठावरून जायचं नाही, अर्धा मीटर आत राहायचं. साइडपट्टी खाली बसलेली असते. चाक तिथे उतरलं की लोक घाबरून तिरपं वर चढवायला जातात आणि कडेला घासून आडवे पडतात. उतरलंच तर तसंच सरळ चालवत वेग कमी करायचा, थांबायचं, सायकल उचलून वर घ्यायची. "मागून गाडी", "खड्डा डावीकडे", "थांबतोय" या तीन हाका मोठ्याने द्यायच्या आणि प्रत्येकाने मागे पोचवायच्या. पुढचा पांढरा दिवा रस्त्याकडे झुकलेला, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. मागचा लाल दिवा गटात स्थिर, फक्त शेवटच्या माणसाचा लुकलुकता. लुकलुकत्या दिव्यामागे अर्धा तास चालवणाऱ्याला चक्कर यायला लागते.

कुत्रं धावून आलं तर पळायचं नाही. सायकल थांबवून उतरायचं, ती कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरायची, मोठ्या आवाजात "हाड" म्हणायचं आणि चालत पुढे जायचं. पळणाऱ्या पोटरीमागे ते लागतं, उभ्या माणसामागे सहसा नाही. उसाच्या कडेला लघवीसाठी कुणी एकट्याने जायचं नाही. बायकांच्या सोयीसाठी शेतावरचं किंवा हॉटेलातलं स्वच्छतागृह आदल्या दिवशी बोलून ठेवा, "वाटेत बघू" चालत नाही.

गिरणारेला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. हरसूल, पेठ भागातून लोक द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या कामाला येतात, जिपा उभ्या असतात, गर्दी होते. तिथे उतरून चालत जा. आणि फोटो? कामाच्या शोधात उभ्या असलेल्या माणसाचा न विचारता फोटो काढायचा नाही, हे निघण्यापूर्वीच सांगा. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या पिकअप वळणावर दयामाया करत नाहीत. अशी गाडी मागून आली की हात वर करून गट थांबवा, ती जाऊ द्या.

पंक्चर

काट्याने पंक्चर झालं की नवखा माणूस ट्यूब बदलतो, पाच मिनिटांत चाक पुन्हा बसतं. काटा टायरमध्येच असतो. चाक काढलं की टायरची एक बाजू लिव्हरने सोडा, ट्यूब बाहेर काढा पण व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खुणेला ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवा, छिद्र सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती लांब हे मोजा, तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा आहे. उघडं बोट आत फिरवू नका, बाभळीचा काटा किंवा तार बोटात मोडते. फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे बघा आणि बाहेरून चिमट्याने ओढा. नवी ट्यूब आत घालताना तिला थोडी हवा द्या, म्हणजे पीळ पडत नाही. टायर परत बसवायला शेवटची चार बोटं जड जातात, तिथे लिव्हर घातला तर नवी ट्यूबच चिमटते. त्याऐवजी व्हॉल्व्हच्या बाजूचं टायर रिमच्या मधल्या खोबणीत दाबत या, अंगठ्यांनीच चढतं. छिद्र पडलेली ट्यूब तिथे चिकटवत बसायचं नाही, ते काम घरी.

शेतावर

द्राक्षबागेत जायचं तर मालकाला आदल्या दिवशी फोन, आणि सकाळी पुन्हा एक. फवारणी पहाटेच चालते, ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असेल तर वारा ज्या बाजूला वाहतोय तिथे थांबूसुद्धा नका. पानांवर निळसर थर दिसला तर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मारलेलं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवर डोळे फुटण्यासाठी पेस्टिंग करतात, ते रसायन कातडीला वाईट. त्या दिवसांत काडीला, तारेला हात लावू द्यायचा नाही. जानेवारी ते मार्च घड भरलेले असतात तेव्हा घडाला बोटही नको. मण्यावरची पांढरी लव पुसली गेली की तो घड निर्यातीच्या पेटीतून बाद होतो, आणि शेतकरी तोंडावर काही म्हणत नाही, पुढच्या वेळी फक्त फोन उचलत नाही. सायकली बांधावर, ठिबकच्या नळ्यांवर नाहीत. द्राक्षं हवी असतील तर वजन करून पैसे देऊन घ्या.

खाणं, पाणी, हंगाम

निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू, चहा अर्धा कप. मिसळ शेवटी. तर्री पोटात घेऊन पायडल मारणं म्हणजे छातीत जळजळ आणि वाटेत थांबे. पाणी हिवाळ्यात माणशी ७५० मिलिलिटरची एक बाटली, मार्चनंतर दोन. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट.

हिवाळ्यात नाशिकचं तापमान दहाच्या खाली जातं आणि धरणाच्या पाण्याजवळ ते आणखी बोचतं. हातमोजे फॅशन नाहीत, आखडलेली बोटं ब्रेक दाबत नाहीत. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राचा एक पदर घातला तरी वारा अडतो. पहिल्या थांब्याला लोक घामेजलेले असतात, तिथे जॅकेट काढू देऊ नका, पाच मिनिटांत कुडकुडतात. पावसाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तेव्हा अंतर पाचेक किलोमीटरने कमी करा. शेतरस्ते सोडा. काळी माती चाकाला आणि ब्रेकला थापून बसते, मग सायकल ढकलतासुद्धा येत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी परत फिरायचं, खाली शेवाळं असतं. धरणातून पाणी सोडलेलं असताना सोमेश्वरच्या धबधब्याच्या खडकांवर कुणालाही उतरू देऊ नका.

कुणी पडलं तर आधी रस्त्यावरची वाहतूक थांबवायला दोघं पुढे-मागे उभे करा. डोक्याला मार लागला असेल, माणूस तेच तेच विचारत असेल, उलटी झाली असेल तर त्याला उठवून बसवू नका, १०८ला फोन. पोलिसांसाठी ११२. जागा सांगताना "गिरणारे रोड" एवढंच नाही, जवळचं गाव, फाटा, मंदिर किंवा किलोमीटरचा दगड सांगा. हेल्मेटला तडा गेला असेल तर ते टाकून द्यायचं, दुसऱ्याला भाड्याने द्यायचं नाही.

सोमेश्वरला परत आल्यावर मिसळीच्या टेबलाकडे जाण्याआधी माणसं मोजा, मग सायकली, मग हेल्मेटं, मग दिवे. दिवे लोकांच्या खिशातून घरी जातात. सायकली धुताना पाण्याचा जोरदार फवारा हबवर आणि पायडलच्या बेअरिंगवर मारू नका, ओलं फडकं पुरतं. चेन पुसून तेल घाला, आणि ज्या चाकाची हवा सकाळपेक्षा कमी वाटते त्यावर खडूने फुली मारून ते बाजूला ठेवा.